फिल्म सुरू होण्याआधीचा फोटो

आमची खोली दिघीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. आमची म्हणायची सवय अजून गेलेली नाही. पूर्वी तिथं मी आणि माझी मैत्रीण अशा दोघी राहायचो. ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. शिफ्ट बदलली की तिचं झोपणं-उठणं बदलायचं, आणि तिच्याबरोबर माझंही. मग तिचं लग्न ठरलं आणि ती नाशिकला गेली. घरमालकीणबाईंनी तिची कॉट काही उचलली नाही. दुसरी मुलगी बघायचं मी आज-उद्या करत राहिले, आणि पुढं त्याबद्दल कुणी विचारलंही नाही.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसनं भोसरीची जागा सोडली. ऑफिस म्हणजे काय, एका गाळ्याच्या वर बसणारे आम्ही मोजके लोक आणि आमचे सर. आसपासच्या लहान कारखान्यांच्या वेबसाइट आम्ही करून द्यायचो. सरांनी ठरवलं की सगळ्यांनी घरूनच काम करायचं. टेबलखुर्च्या विकल्या. तपासणीसाठी ठेवलेले जुने फोन आणि एक जुना कॉम्प्युटर माझ्याकडे आला, कारण ते लागायचे मलाच. मी ते मैत्रिणीच्या कॉटवर मांडून ठेवले.

माझं काम वेबसाइटचं पहिलं पान बनवायचं. नाव टाकल्यावर जे पहिल्यांदा उघडतं, ते. ऐकायला सोपं वाटतं, पण येणारा माणूस कुठला फोन घेऊन, कुठल्या ब्राउझरमधून येईल ते सांगता येत नाही. एकच पान एकाच्या फोनवर नीटनेटकं दिसतं, तर दुसऱ्याच्या फोनवर मथळा तुटून खाली येतो, बटण चित्राच्या मागं दडतं. फार जुन्या ब्राउझरमध्ये तर नुसतं पांढरं दिसतं. येणाऱ्याला वाटतं, इथं कुणी राहतच नाही. म्हणून मी दिवसभर तेच पान सगळ्या फोनवर उघडून बघायची. त्यातल्या एकाही फोनमध्ये सिमकार्ड नव्हतं. सगळे वायफायवर चालायचे, आणि वाजायचा त्यातला एकही नाही.

एकदा एका पानावर बोलून शोधायची सोय करायची होती. ती चालते का हे बघायला मी फोन तोंडासमोर धरून "नमस्कार" म्हणाले. आवाज इतका खरखरीत निघाला की फोनला काही कळलंच नाही. दुपार होत आली होती. उठल्यापासून मी तोंडच उघडलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

आई-वडील लातूरकडे, भावाजवळ. आईचा फोन एक दिवसाआड यायचा. तिला माझं काम कळत नसे, पण "रोज घरात असतेस ते बरंच आहे," असं ती म्हणायची. घरमालकीणबाई दिघीच्याच जुन्या घरातल्या, स्वभावानं चांगल्या, पण त्यांचं सगळं लक्ष खाली, नातवंडांत. जिन्यात भेटल्या की "जेवली का गं?" विचारायच्या आणि मी "हो" म्हणेपर्यंत दाराआड गेलेल्या असायच्या. रविवारी मी मुद्दाम भाजी आणायला लांबच्या मंडईत जायची. भाव विचारण्याच्या निमित्तानं चार वाक्यं बोलून व्हायची.

अशा दिवसांत चाकणचं ते काम आलं. गाड्यांना लागणारे रबराचे बुश आणि सील बनवणारी जुनी कंपनी. थोरले मालक आता येत नव्हते, त्यांचा मुलगा सगळं बघायचा. तो माझ्याच वयाचा असेल. त्याला पहिल्या पानावर फिल्म हवी होती. कारखान्यावरून ड्रोन फिरवून ती काढून घेतली होती. पान उघडलं की फिल्म आपोआप सुरू व्हायला हवी, बघणाऱ्यानं काही दाबायला नको, असं त्याचं म्हणणं. मी तसं पान करून दिलं.

दोन दिवसांनी त्यानं मला कंपनीत बोलावलं. स्टोअरमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं पान उघडून दाखवलं. फिल्मच्या जागी नुसता काळा चौकोन होता.

"हे काळं काय आहे?"

"इथला ब्राउझर जुना आहे," मी म्हणाले. "त्याला ही फिल्म दाखवता येत नाही. अशांसाठी फिल्मच्या जागी एक साधा फोटो ठेवू या. नव्या फोनवरही फिल्म नेटवरून उतरेपर्यंत तोच दिसेल. ती उतरली की फोटो आपोआप जाईल."

"टाका कुठला तरी. नंतर चांगला देतो."

परत निघताना ऑफिसच्या बोळात एक जुना फोटो दिसला. सुरुवातीच्या काळातला असावा. पत्र्याच्या शेडसमोर दोन-तीन रांगांत कामगार उभे, मध्ये थोरले मालक. सगळे पुरुष छाती काढून, श्वास रोखल्यासारखे. उजव्या कडेला मात्र एक बाई होती. पदर खोचलेला, हातात चहाची किटली. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. रांगेत कुठं तरी बघून हसत होती. अख्ख्या फोटोत हसणारी ती एकटीच. मी विचारून मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढून घेतला.

खोलीवर येऊन तो पानावर बसवला. कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यावर सगळे जण मावले. फोनचा पडदा उभा असतो, तिथं दोन्ही बाजू कापल्या जातात. सहसा आम्ही मधला भाग राखतो. तसं केलं तर फोनवर थोरले मालक आणि चार कामगार राहात होते आणि बाई बाहेर जात होती. मी बराच वेळ तो फोटो डावी-उजवीकडे सरकवत बसले. शेवटी फोनसाठी उजवी कड राखायची असं लिहून टाकलं. आता प्रत्येक फोनवर ती किटलीवाली बाई मोठी दिसत होती आणि मालक कापले गेले होते. कुणी काही बोललं असतं तर बदललं असतं. पण कंपनीतल्या लोकांचे फोन नवे, वायफाय वेगवान. त्यांना तो फोटो दिसायच्या आत फिल्म सुरू व्हायची. चांगला फोटो द्यायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.

पुढं बरेच महिने गेले. आम्ही केलेल्या प्रत्येक वेबसाइटवर तळाशी बारीक अक्षरात आमच्या ऑफिसचा नंबर असतो. ऑफिस उठल्यावर सरांनी तो नंबर माझ्या फोनकडे वळवला होता. त्यावर बहुतेक कर्ज देणारे आणि विमा विकणारे बोलायचे. त्यामुळे एका दुपारी फोन वाजला तेव्हा मी तयारीतच होते की नको म्हणून सांगायचं.

"ते रबर कंपनीचं पान तुमीच केलंया का, ताई?"

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. मी हो म्हणाले.

"मी तिथंच व्हतो. प्रेस मशिनीवर. रिटायर झालो आता. पोरानं ह्यो फोन दिला, त्यात कंपनीचं पान लावून दिलं. त्यात आधी एक फोटू येतो बगा. बाई हाय, किटली घेतलेली."

"हो, आहे."

"ती आमची मंडळी."

ते पुढं म्हणाले, "दोन वर्सं झाली तिला जाऊन. पान उघडलं की येती, आन लगीच कंपनीचा पिच्चर सुरू व्हतो. तर म्हनलं इचारून बगावं. तिला जरा येळ थांबवता येईल का?"

"काका, किती वेळ दिसतात त्या?"

"घरात न्हाई दिसत धड. गोठ्याच्या मागं रेंज कमी हाय. तितं उभं ऱ्हायलं की थांबती थोडी."

बघते, असं मी म्हणाले आणि फोन ठेवला. फिल्म काही सेकंद उशिरा सुरू करणं अवघड नव्हतं, एका आकड्याचं काम. पण पान माझं नव्हतं. मी धाकट्या मालकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मॅडम, सुरुवातीलाच अडकवून ठेवलं तर माणूस परत जाईल," ते म्हणाले. ते खरंच होतं. मी स्वतः सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते. मग त्यांनी विचारलं, "कुठली बाई म्हणालात? किटलीवाली?"

"हो."

"मावशी होय. मी लहान असताना कंपनीत गेलो की मला खारी द्यायच्या. गेल्या का त्या? मला माहीतच नाही. पान आहे तसंच राहू द्या. तो बोळातला फोटो मी काढून ठेवतो. तुम्ही चांगली कॉपी करून घ्या आणि त्यांना नेऊन द्या."

भोसरीतल्या एका स्टुडिओत मी त्याची मोठी प्रत करून फ्रेम करून घेतली. कुरियरनंही पाठवता आली असती. पण मी काकांना फोन करून येते म्हणून सांगितलं. मग दोन दिवस माझ्या मनात होतं की कुठला ड्रेस घालायचा. कुणाच्या घरी जाऊन मला खूप दिवस झाले होते.

त्यांचं गाव राजगुरुनगरच्या पुढं, आत. काका फाट्यावर येऊन उभे होते. उंच, किडकिडीत, पांढरी टोपी. फ्रेम त्यांनी माझ्याकडून काढून घेतली आणि कागद न सोडता छातीशी धरून चालायला लागले. मुलगा रात्रपाळी करून आला होता आणि आत झोपला होता, म्हणून घरात सगळे हळू बोलत होते. सुनेनं चहा आणला. भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो होता, अलीकडचा, चेहरा ओढलेला. ती किटलीवाली बाई हीच, हे मीसुद्धा लगेच ओळखलं नाही.

काकांनी कागद सोडला. फ्रेम मांडीवर घेऊन उपरण्याच्या टोकानं काच पुसली, पुन्हा पुसली.

"ब्येस झाला," ते म्हणाले.

"काका, त्या हसतायत कुणाकडे?"

त्यांनी बोट ठेवलं. मागच्या रांगेत, डावीकडे, एक तरुण पोरगा. बाकीच्यांसारखाच ताठ, पण डोळे कॅमेऱ्यावर नव्हते.

"ह्यो मी," काका म्हणाले. "तवा ती नवीनच व्हती कँटीनला. फोटूवाला लई येळ लावीत व्हता. आन हिचं आपलं, च्या थंड व्हतोय. किटली घेऊनच आली. त्यो म्हनला, बाई बाजूला व्हा. ही हालंना. मी डोळ्यानं खुणवलं, सरक तिकडं. तर ही हसली. तेवढ्यात त्यानं बटन दाबलं."

फोनवर मी नेमका तो पोरगा कापून टाकला होता. ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय, मी न्हाई दिसत फोनमदी. पर ती बगती माज्याकडंच. मला ठावं हाय ना."

मग त्यांनी मला गोठ्याच्या मागं नेलं. तिथं चाऱ्याची गंज होती आणि एक पाण्याचा हौद. ते ठरलेल्या जागी उभे राहिले आणि फोन लांब धरून पान उघडलं. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. आधी पांढरं आलं. मग वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं, ती आली: आधी शेडचा पत्रा, मग केस, चेहरा, मग किटली. मी ते पान किती फोनवर तपासलं होतं, पण ते इतकं हळू उघडताना कधी पाहिलं नव्हतं. ती पुरती दिसली, जराशी थांबली आणि मग कारखान्याची छपरं फिरायला लागली.

"बगा," काका म्हणाले. "गेली."

तेव्हा मला सुचलं की पानाला हात न लावताही हे करता येईल. फिल्म आपोआप सुरू होऊ द्यायची नाही, असं ब्राउझरमध्येच सांगता येतं. मी त्यांचा फोन घेतला, सेटिंग बदललं आणि पान पुन्हा उघडलं. फोटो आला आणि तसाच राहिला. काका बघत राहिले. फोन दोन्ही हातांत धरला होता. मी जरा बाजूला जाऊन हौदाकडे बघत उभी राहिले.

निघताना त्यांनी विचारलं, "तुज्या घरी कोन असतं पोरी?"

हा प्रश्न मला बरेच जण विचारायचे आणि मी काही तरी सांगून वेळ मारून न्यायची. मैत्रीण असते, सध्या गावी गेलीये, असं. त्या दिवशी मी सांगितलं, "कोणी नाही."

"हं," ते म्हणाले. अरेरे नाही, लग्नाचं नाही, काहीच नाही. फाट्यापर्यंत बरोबर आले आणि बस येईपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले. वाटेत चाकणच्या चौकात गाड्या खोळंबल्या, शिफ्ट सुटली होती. बसमध्ये कंपन्यांच्या गणवेशातली पोरं उभ्या उभ्या पेंगत होती. मी खिडकीला डोकं टेकलं आणि रडले. फार नाही. नेमकं कशासाठी, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

आठवडाभरानं काकांचा फोन आला.

"ताई, ते पयल्यासारखं करायचं हाय."

"काय झालं? फोटो दिसत नाही का?"

"दिसतो की. दिसतोच हाय." त्यांना सांगणं अवघड जात होतं. "थांबलेला फोटू आता भितीवर बी हाय. यात बी तसाच. ती अशी थांबायची न्हाई कंदी. तीस वर्सं कंपनीत च्या वाटला तिनं. यायची, च्या द्यायची, पुढल्याकडं जायची. माज्यापाशी म्हनून दोन मिन्टं जास्त कंदी थांबली न्हाई. लोक काय म्हनतील, म्हनायची. ती यायची आन जायची, तेच बरं व्हतं."

फोनवरून सेटिंग बदलायला सांगणं मोठं काम असतं. समोरच्याला काय दिसतंय ते आपल्याला दिसत नाही. मी मैत्रिणीच्या कॉटवरचा त्यांच्यासारखाच एक फोन उचलला आणि एक-एक पाऊल सांगत गेले.

"वर कोपऱ्यात तीन ठिपके आहेत बघा."

"हायेत."

"ते दाबा. आता खाली खाली जा. सेटिंग दिसतंय?"

"इंग्रजीत हाय का?"

"दातेरी चाकासारखं चित्र असेल."

"हां. गिअर हाय. गिअर मला कळतं."

मध्येच ते चुकून भलतीकडे गेले आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मध्येच म्हैस ओरडली तर ते तिच्यावर रागावून आले. मला घाई नव्हती. त्या महिन्यात मी कुणाशी इतका वेळ बोलले नव्हते. शेवटी ते गोठ्याच्या मागं गेले, मला स्पीकरवर ठेवलं आणि पान उघडलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"आली," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "गेली."

पुढच्या वर्षी कंपनीनं वेबसाइटचं काम पुण्यातल्या एका मोठ्या फर्मकडे दिलं. धाकट्या मालकांनी मला आधी कळवलं, तेवढं सौजन्य त्यांनी दाखवलं. नवीन पान झटकन उघडतं. त्यात फिल्म नाही, फोटो नाही, फिकट रंगावर मोठी अक्षरं आहेत. मी ते माझ्या सगळ्या फोनवर उघडून पाहिलं आणि सगळीकडे ते ठीक दिसत होतं.

काकांना सांगणं मला भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"व्हय, कळलं मला. परवा उघडलं व्हतं," ते म्हणाले. "चालायचंच. कंपनी हाय, बदलनारच."

वाईट वाटलं का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. त्यांनी कांद्याचं सांगितलं, सून पुन्हा कामाला लागली ते सांगितलं आणि फोन ठेवला. मग फोन करण्याचं त्यांना काही कारण उरलं नाही, आणि मलाही. पावसाळा आला. गणपतीत घरमालकीणबाईंनी मला आरतीला खाली बोलावलं, मी गेले, प्रसाद घेऊन वर आले. मैत्रिणीला मुलगी झाली, तिचे फोटो आले. माझं काम चालूच होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी काकांना फोन लावला. लावायच्या आधी बरंच घुटमळले. मुलानं उचलला, वडील शेतात आहेत म्हणाला, निरोप देतो म्हणाला. देईल असं मला वाटलं नव्हतं. पण संध्याकाळी फोन आला.

"काय काम काढलं व्हतं गं?"

"काही नाही काका. काम काही नव्हतं."

"मग बोल की," ते म्हणाले.

सकाळपासून मी काय काय केलं, ते सांगायला लागले.